तोरणाखालचा पहिला बैल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या वर्तमानपत्राचा वार्ताहर होतो, तिथेही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

उंद्रीच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या देशमुखांचं वतन कायद्यानं केव्हाच गेलं, जमीन वाटण्यांत आटली. उरला एकच मान — पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जाते, मग गावाची. त्या घराण्यावर मी पुरवणीसाठी लेख लिहीत होतो. दुपारी त्यांच्याच घरी पुरणपोळी जेवलो होतो. हे सांगायलाच हवं का? हवं.

संध्याकाळी वेशीत जोड्या सजून उभ्या होत्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणून म्हणून लोकांचे गळे बसले होते. देशमुखांची जोडी तोरणाकडे वळली, तसा मी फोटोसाठी पुढे धावलो. फ्लॅश मारला — तो शेजारी उभ्या सुखदेव नावाच्या शेतकऱ्याच्या बैलाच्या डोळ्यांत. बैल बिथरला. सुखदेवला कासऱ्यासकट ओढत त्याची जोडी देशमुखांच्या आधी तोरणाखालून पार झाली.

आधी हशा झाला. "पाहा बे, सुखदेवचा बैल देशमुखी घ्याले निघाला!"

मग कोणाला तरी आठवलं, की सुखदेव बौद्ध आहे. त्यानंतर कोणी हसलं नाही. बैल हाकायच्या काठ्यांनी त्याला मारलं. मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

बातमीत लिहिलं — त्यानं जाणूनबुजून बैल पुढे घातले. हे लिहा, असं मला कोण म्हणालं होतं? कोणीच नाही. पण खरं लिहिलं असतं, तर देशमुखांचा मान मोडणारा मी ठरलो असतो.

गावानं त्याच्याशी व्यवहार तोडला. पुढे चिखलीच्या बसस्टँडवर तो मला भेटला.

"साहेब, तुमी तं समोरच होते. माह्या बैलानं काऊन उडी घेतली, दिसलं असन ना तुमाले? तेवढं गावाले सांगा फक्त."

"मी उशिरा पोचलो होतो," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला, "गर्दी बी लय होती."

माझ्या खोट्याला कारणही त्यानंच पुरवलं.

त्यानं जोडी विकली, गाव सोडलं. कुठे गेला — मी चौकशी केली नाही. पोळ्याला मी खिडक्या लावून घेतो. तरीही घुंगरमाळा ऐकू येतातच. मग बैलाचा तो पांढरा फिरलेला डोळा.

बैल माझ्यामुळे बिथरला. सुखदेवनं कासरा सोडला नव्हता. त्याच्या दोन्ही तळहातांची सालटी निघालेली मी त्याच संध्याकाळी पाहिली होती. बातमी त्यानंतर लिहिली.