चुकीचा बाण

कारंज्यात पूल टेबलवर आम्ही दोघं मित्र दहा वर्षं खेळलो. मग त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि टेबलावर वाकणं कायमचं बंद झालं. तो कामरगावला घरीच असायचा. म्हणून मी एक वेबसाइट शोधली. तिच्यावर टेबलाचं चित्र असतं. बोटानं चेंडू सरकवून आपला डाव जसाच्या तसा मांडता येतो. मी कारंज्यात खेळतच होतो; दर रविवारी टेबलापाशीच अडलेला डाव मांडून त्याला पाठवायचो. तो बाण काढून कुठं मारायचं ते दाखवायचा.

मी शिक्षक; त्या रविवारी शाळेच्या सर्वेक्षणासाठी सकाळपासून दारोदार हिंडून मी दमलो होतो. त्याच्या बाणाप्रमाणे मारलं, पण काळा चेंडू टेबलाच्या कोपऱ्यातल्या खिशाच्या कडेला आपटून परत आला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"गेला काय रे?"

"गेला."

"कसा जाईन? म्या बाणच चुकीचा काढला होता, आता ध्यानात आलं. माही कीव करून राह्यला काय?"

"कीव नाही रे. थकलो होतो. नाही गेला म्हटलं असतं, तर तू पुन्हा सगळं मांडायले लावलं असतं."

तो म्हणाला, "मीबी थकलोच आहो. पण पाठवनं बंद नको करू. थोडं कमी पाठव."

आता महिन्यातून एखादा डाव पाठवतो. बाकीचे रविवार आम्ही फोनवर नुसतं बोलतो. कधी तेवढंही होत नाही.