सूनबाईचा तास आणि माझा जॉइंट

फौजेत असताना माझ्या हातचा टेलिफोनच्या तारेचा एकही जॉइंट कधी सुटला नाही. घरातल्या इंटरनेटच्या वायरीचाही सुटला नाही, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमची सून रुपाली कडेगावची. मराठीत एम. ए., वर बी. एड. लग्न होऊन आमच्या कोरेगावच्या घरात आली आणि तिच्या डिग्र्या कपाटात साड्यांच्या खाली गेल्या. मग तिनं परदेशातल्या मराठी पोरांना ऑनलाइन शिकवणाऱ्या एका संस्थेकडं अर्ज केला. त्यांनी सोमवारी अकरा वाजता नमुन्याचा तास ठेवला. समोर ऑस्ट्रेलियातली तीन पोरं आणि परीक्षा घेणाऱ्या एक मॅडम. तास जमला तर नोकरी, तीही घरी बसून! अट एकच: मोबाइल चालणार नाही, कॉम्प्युटर पाहिजे आणि त्याला वायरीनं जोडलेलं नेट पाहिजे.

ते आमच्याकडं होतं. राउटर खाली सोप्यात टीव्हीशेजारी आणि कॉम्प्युटर माडीवर. मधली वायर खिडकीतून बाहेर पडून भिंतीच्या कडेनं वर गेलेली. त्याच भिंतीला लागून आमचा शेवगा. मागं एकदा फांदी तोडताना माझ्या कोयत्यानं फांदीबरोबर वायरही तोडली. पण घाबरतो कोण? मी तिथंच उभ्याउभ्या फौजी जॉइंट मारला. तारेला तार गाठ मारून पिळायची, वर काळी टेप गच्च. नेट लगेच चालू झालं, म्हणून मी कुणाला काही बोललो नाही. (जॉइंट सुटला तर सांगायचं ना!)

शनिवारी रुपालीनं सांगलीच्या बहिणीला समोर घेऊन सराव केला. पाच मिनिटांत बहीण ओरडायला लागली.

"ताई, चित्र अननसाचं आणि आवाज येतोय 'आ आईचा'! आणि तुझं तोंड उघडं ते उघडंच राहिलंय!"

रुपालीचा चेहरा एवढासा झाला. ती नुसती पडद्यावरच्या त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडं बघत राहिली. मला लय वाईट वाटलं. पोरगी चार दिवस पुठ्ठ्याची चित्रं कापत बसली होती.

"रुपाली, तू फकस्त शिकवायचं बघ," मी म्हणालो. "लाइनीचं मी बघतो."

(हे वाक्य ऐकलं की आमची मंडळी, म्हणजे कमल, देवापुढं दिवा लावते.)

आधी मुलाला, संदीपला फोन केला. तो नेमका कंपनीच्या कामानं चेन्नईला गेलेला.

"आबा, राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर स्पीड बघा."

बघितला. लय जोरात!

"मग राउटर चांगला हाय. वायर बघा."

"वायरीचं नाव काढू नगंस!" मी खवळलो. "वायर मी सवता बघितलीया!"

"बघितलीया म्हंजी काय केलंया?" त्यानं संशयानं विचारलं. मी फोन कट केला. रेंज नव्हती म्हणून. (रेंज होती.)

मग मी माझ्या डोक्यानं चालायचं ठरवलं. ऊसवाल्या माणसाला पाण्याचं गणित पक्कं ठाऊक असतं. कालव्याच्या तोंडावरचे शेतकरी पाणी ओढून घेतात आणि शेवटच्या वावरात नुसता ओलावा पोचतो. आमचं नेट तसंच. खालची माणसं ओढत होती, म्हणून माडीवर पोचत नव्हतं! मी सगळ्या घराला पाळी लावून दिली. टीव्ही बंद. कमलचा मोबाइल जप्त.

"आवं, माझी मालिका ऐन रंगात आलीया! तिचा नवरा आज शुद्धीवर येनार हाय!"

"येऊ दे सोमवारी. घरच्या पोरीची नोकरी मोठी का त्याची शुद्ध?"

नेट ढिम्म हललं नाही. मग मला वाटलं, विजेचा लोड असणार. फ्रिज बंद केला. घरघंटी बंद केली. संध्याकाळी फ्रिजमधल्या दुधाचं काय झालं ते कमलनं मला वासावरून ओळखायला लावलं.

रविवारी मी कॉम्प्युटरकडं वळलो. त्याचा डबा उघडला, तर आत धुळीचा थर. ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर लावला आणि नळी सोडली. धूळ उडाली ती अशी, की माडीवरून खाली उतरलो तेव्हा कमल मलाच म्हणाली, "कोन पायजे?" कॉम्प्युटर मात्र चालू झाला, आणि पहिल्यापेक्षा आवाज कमी करायला लागला! नेट तेवढं होतं तिथंच.

सोमवार उजाडला. रुपालीनं केस धुतले, कडक इस्त्रीची साडी नेसली आणि सरळ कॉम्प्युटरपुढं बसून स्वतःच सेटिंगं उघडली.

"आबा, ह्या वायरीवर हजाराचा स्पीड यायला पायजे. इथं दहा दाखवतंय."

"दहा तर दहा. सुरुवात हाय."

ती उठली. टेबलाखालची वायर चिमटीत धरली आणि वायरीच्या मागं मागं चालू लागली. खिडकीपर्यंत आली, वाकून खाली बघितलं, मग जिना उतरून अंगणात गेली. मी तिच्या मागं, आणि माझ्या मागं कमल. शेवग्यापाशी रुपाली थांबली. वायरीला कांद्याएवढी काळी गाठ लटकत होती.

"ह्ये काय हाय?"

"जॉइंट," मी म्हणालो. "ओढून बघ. म्हशीला बांधलास तरी सुटायचा न्हाई."

तिनं ओढला नाही, सोडला. आत आठ तारा. चार तारा बोटबोटभर सोलून एकमेकींना गाठी मारलेल्या. उरलेल्या चार नीट दुमडून बाजूला.

"आणि ह्या चार?"

"त्या राखीव."

"राखीव?"

"फौजेत टेलिफोन दोन तारांवर बोलायचा, गं! इथं आठ. मी चार जोडल्या, म्हंजी दुप्पटच दिल्या की!"

रुपाली माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडणार. पण ती एकदम खो खो हसत सुटली, पदर तोंडाला लावून. कमल हसली नाही. तिनं घड्याळाकडं बोट दाखवलं. साडेदहा!

मग मात्र आमची पळापळ झाली. कॉम्प्युटरच खाली आणायचा, राउटरशेजारी. मी डबा उचलला, रुपालीनं पडदा, कमलनं टेबल. (एकटीनं! मालिकेचा राग असणार.) राउटरबरोबर आलेली हातभर वायर खणात सापडली. जोडली आणि चक्र गायब! रुपालीनं बहिणीला परत फोन लावला, तर ती पडद्यावर लख्ख दिसली.

"ताई, तुझी टिकली पण दिसतीया!"

रुपालीचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी ते धुळीवर ढकलले.

आणि तेवढ्यात वायर निसटली. तिच्या टोकाचा प्लॅस्टिकचा चाप मोडलेला होता. बोटानं दाबून धरली की नेट यायचं, सोडली की जायचं.

"मी धरतो," मी म्हणालो. "तू शिकव."

"आबा, तासभर?"

"अगं, फौजेत दिवस दिवस पहारे दिल्यात!"

अकरा वाजले. मी भिंतीला पाठ लावून राउटरपाशी ताठ उभा राहिलो. डोक्याला फेटा, कारण तीन परदेशी पोरांपुढं तसंच कसं जायचं? खरंतर मी पडद्यात दिसणारच नव्हतो. (असं मला वाटत होतं.) मी पापणीही हलवली नाही. रुपालीनं अ अननसाचा शिकवला, गोष्ट सांगितली, पोरांना हसवलं, एकाकडून तर 'ळ' म्हणवून घेतला. माझी छाती फुगली. शेवटी शेवटी मात्र कॉम्प्युटरच्या डब्यात राहिलेली धूळ पंख्यानं बाहेर फेकली आणि मला एक शिंक आली. फौजी शिंक. पण वायर सोडली नाही!

संध्याकाळी रुपालीच्या मोबाइलवर मॅडमचा निरोप आला. ती मोठ्यानं वाचायला लागली.

"'तास अतिशय सुंदर झाला. पुढच्या आठवड्यापासून रुजू व्हा.'"

कमलनं तिला मिठीच मारली. मी फेट्याचा शेव मागं टाकून म्हणालो, "आनि काय म्हनत्यात?"

रुपाली पुढं वाचू लागली, पण हसण्यामुळं तिला वाचवेना. मग कमलनं मोबाइल घेतला.

"'तुमच्या मागं ठेवलेला फेटेवाल्या शिपायाचा पुतळा मुलांना फार आवडला. पण तो शिंकल्यावर सगळ्यात धाकटी मुलगी घाबरून रडली. यापुढं कृपया साधी भिंत ठेवावी.'"

म्हणजे त्या दिवशी घरात नोकऱ्या दोघांना लागल्या होत्या. सुनेची टिकली आणि माझी पहिल्याच तासाला गेली.