पाया दहा

खाडीचा बांध फुटला आणि उधाणाचं पाणी आमच्या शेतात शिरलं, ते कायमचंच. भात पिकायचं तिथे खारफुटीची तिवरं उगवली. बाबा रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरणारं सामान डोक्यावर वाहू लागले. आई दुसऱ्यांच्या वाडीत मिरच्या खुडायला जाऊ लागली. मी बारावीपर्यंत शिकले ती शेजारच्या ताईच्या जुन्या पुस्तकांवर. कुणी हळहळावं म्हणून हे सांगत नाही. पुढे एका माणसाने भर वर्गात माझा पाया काढला, म्हणून तो कुठे घातला गेला ते आधी सांगून ठेवते.

बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे लॉग टेबल. ‘पाया दहा धरायचा,’ हे आमच्या मास्तरांनी एकदा सांगितलं, आणि मग पुन्हा सांगायची गरजच पडली नाही, कारण दुसरा पाया आम्ही कधी वापरलाच नाही. दोनचा लॉग ०.३०१०. झोपेतून उठवून विचारा.

कॉलेजात गणिताच्या प्रॅक्टिकलला कॉम्प्युटर आला. त्यावरच्या कॅल्क्युलेटरला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. आपण sqrt(2) लिहून एंटर दाबायचं, खालच्या ओळीत उत्तर. मला तो पडदा पहिल्या दिवसापासून आवडला. कितीही वेळा विचारा, कपाळाला आठी नाही.

एका प्रॅक्टिकलला लॉगच्या किमती काढायच्या होत्या. मी log(2) लिहिलं. उत्तर आलं ०.६९३१. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. log(100) विचारलं. ते दोन यायला हवं, तर साडेचारच्या वर काहीतरी आलं. मला वाटलं, मशीन बिघडलंय. मी जर्नलमध्ये टेबलातल्या किमती लिहिल्या. बाकीच्यांनी पडद्यावरचं मुकाट उतरवलं. त्यांना काहीच खटकलं नाही, आणि हुशार ठरले ते.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांनी माझं जर्नल वर धरलं. “हे कुठून आणलंस?”

“लॉग टेबलमधून, सर. मशीन चुकतंय.”

सगळा वर्ग हसला, सरही. मागून कुणीतरी म्हणालं, “मशीनला क्लास लाव गं!”

“मशीन चुकत नसतं,” सर म्हणाले. “तुम्हा गावाकडच्यांचा पायाच कच्चा.”

“मग माझं कुठे चुकलं, सर?”

“सगळं पुन्हा लिहून आण. नाहीतर सही नाही.”

जर्नलवर सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. आमच्या घराला एक वर्ष फुकट घालवणं परवडणारं नव्हतं.

घरी बाबांनी विचारलं, “काय झाला गो बाय?” मी सांगितलं. ते चौथी शिकलेले. त्यांना लॉग कळायचं कारण नव्हतं.

“तुजा आकडा खोटा हाय का?”

“न्हाय.”

“मंग मशीनचा?”

“तो पण न्हाय म्हणतात.”

“मंग तिसराच कोनतरी लबाड हाय,” बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी लॅब रिकामी होती. मी त्या काळ्या पडद्यावर help लिहिलं. इंग्रजीचा ढीग पडला. एकेक शब्द मोबाइलवर बघत वाचत गेले, आणि सापडलं. त्या कॅल्क्युलेटरचा लॉग ‘ई’ या, साधारण २.७१८ एवढ्या, संख्येच्या पायावर चालतो. दहाच्या पायासाठी वेगळा शब्द आहे. मी log10(2) लिहिलं. ०.३०१०३. मी लॅबमध्ये एकटीच मोठ्याने “बघ!” म्हणाले.

माझा पाया दहा होता, मशीनचा ई. कच्चा कुणाचाच नव्हता.

सरांना लॅबमध्ये नेऊन दाखवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “हे मला माहीत आहे,” म्हणाले.

माहीत आहे! हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. त्यांना माहीत नसतं तर मी सोडून दिलं असतं, माणूस आहे, चुकतो. पण एका वाक्यात सुटणारी गोष्ट त्यांनी खिशात ठेवली आणि मला वर्गासमोर गावंढळ ठरवलं.

“मग काल सांगितलं का नाही, सर?”

“तू विचारायचंस.”

“विचारलं होतं. वर्ग हसत होता, तुम्हीही.”

“आवाज खाली. आणि हे खोडून नवीन लिही.”

“बरोबर उत्तर मी खोडणार नाही.” मी त्यांच्याच टेबलावर जर्नल ठेवलं आणि प्रत्येक लॉगच्या पायथ्याशी बारीक दहा लिहीत गेले. दारात पुढच्या तासाची मुलं येऊन थांबली होती, ती बघत राहिली. लिहून झालं तशी मी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि जागची हलले नाही.

त्यांनी सही केली.

मी परीक्षेला बसले. गणितात बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.