ज्ञानूची अर्धी चाल

आमच्या बँडातला ज्ञानू गेल्याचं कार्ड माझ्या खिशात तीन दिस व्हतं. मला वाचाया येत न्हाई. ज्ञानू वाईला घरी आजारी पडल्याला, तर वाटलं, तिथनं त्येनंच लग्नात वाजवायची सुपारी धाडली. सांगलीभर कार्ड मिरवत फिरलो. कोपरा फाटल्याला दिसला, तर म्हणलं, पोस्टातल्या उंदरानं खाल्ला! मयताच्या कार्डाचा कोपरा फाडत्यात, हे शेंबड्या पोराला बी ठावं हाय... शेवटी च्यावाल्यानं वाचून सांगितलं. तवर ज्ञानूची राख थंड झाल्याली. आता महिना झाला, लेकीला बसवून हे लिवून घेतोय.

लढाई संपल्यावर ज्ञानू पलटणीतनं आमच्याकडं आला. मी कारनेट, त्यो बारका पितळी कर्णा, वाजवायचो, म्हंजे समद्यांच्या म्होरं ऱ्हाऊन चुकायचो. त्येचं बाजं थोरलं, पितळेचं, अंगाला अजगरावानी येढा घातल्यालं. त्येच्यातनं निस्तं भों... भों... एकडाव म्या इचारलं, "गड्या, तुला एकट्याला कवाच का रं वाजवाया देत न्हाईत?"

"एका सुराला छातीतला समदा वारा जातोय. लांबडी चाल धरली की डोळ्याम्होरं अंधारी. आन् खालचा सूर कोण ऐकत न्हाई रं, त्येच्यावर पाय टाकत्यात." मग हळूच म्हणला, "पर एक सबंद चाल वाजवायची हाय. एकट्यानं."

म्होरं कुंडलच्या लग्नात नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला, तवा म्या समद्यांला थांबवलं. "हं ज्ञानू, हाण!" त्येनं आईची जात्यावरची चाल धरली. जात्याची घरघर आन् आईचा गळा, दोनी त्या एका बाज्यात. दारातल्या बाया गप झाल्या... तेवढ्यात नवरदेवाचा मामा वराडला, "बाकीची निजली व्हय रं?" आन् मी भित्रं! अर्ध्यातच कारनेट उचाललं, नाचाची चाल सुरू केली. ज्ञानूनं मान वर न करता माझ्या चालीखाली भों भों धरलं.

परतताना म्या म्हणलं, "तुझ्या चालीनं घोडं झोपलं असतं की!" त्यो हसला. मी बी हसलो. पुन्यांदा त्येनं त्या चालीचं कवा नाव काढलं न्हाई.

आता सकाळी उठून ती चाल मी कारनेटवर काढतो. म्या तोडली तिथवर येतो आन् थांबतो. बायकू चुलीम्होरनं म्हणती, "आवं, म्होरलं वाजवा की."

म्होरलं म्या ऐकूनच घेतलं न्हाई...