मधल्या फळीतला रतन

रतन ओव्हाळनं स्पर्धांमध्ये एकूण तीन गोल केले, त्यातला एक आमच्याच गोलपोस्टमध्ये. मी पुढे खेळायचो, तो मधल्या फळीत. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा, मान वर करून मला शोधायचा आणि नेमका माझ्या पायाशी पोचवायचा. मी गोल मारला की लोक मला डोक्यावर घ्यायचे. हा तोवर आपल्या जागेवर परत गेलेला असायचा.

१९९५ साली भोसरीच्या एका कारखान्यात खेळाडूंसाठी एकच जागा निघाली. परदेशी कंपनीशी करार झाला होता, यापुढे खेळाडूंची भरती बंद, असं जो तो सांगत होता. रतनचे वडील सोनबा पाटबंधारे खात्यात होते. बिबवेवाडीच्या घरी त्यांनी त्याला बजावलं, "जूनपर्यंत नोकरी लागली तर खेळ. नाही तर बूट माळ्यावर आणि तू कॉम्प्युटरच्या क्लासला."

अर्ज आम्ही दोघांनीही केला. भरतीचं काम नारायण पेठेतल्या श्यामसुंदर देवांकडे होतं. वर्तमानपत्रात नाव छापून आलेली कात्रणं जोडायची, असा नियम. माझ्याकडे चौदा गोलांची कात्रणं होती. रतनची फाईल उघडून देवांनी चष्मा काढला.

"आपण खेळता, की संघाबरोबर नुसते बसने जाता?"

"मधल्या फळीत खेळतो, साहेब. पास देतो."

"पास देणाऱ्याचं नाव छापत नाहीत, यात आमचा काय दोष?"

रतन मान खाली घालून बाहेर गेला. मला देवांचा संताप आला आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही. छापलेलं नाव माझं होतं, पण त्या गोलांमागे कोण होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'माझ्या चौदापैकी अकरा गोल रतन ओव्हाळ यांच्या पासवर झाले आहेत.' खाली सही केली.

देवांनी कागद दोनदा वाचला. "हा जोडला तर जागा त्यांना जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग तारीख घाला."

मे महिन्यात रतनला पत्र आलं. कॉम्प्युटरच्या क्लासला मी गेलो. पहिले सहा महिने डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही, पण पुढे सॉफ्टवेअरमध्ये चांगला रुळलो. रतन नऊ वर्षं कारखान्याच्या संघात खेळला. संघ बंद झाल्यावर तो मशीनवर राहिला आणि रविवारी मुलींना फुटबॉल शिकवायला लागला. त्या कागदाबद्दल मी त्याच्याशी कधी बोललो नाही.

२००७ साली तो सुपरवायझर झाला. बढतीच्या वेळी त्याच्या नोकरीची जुनी कागदपत्रं बाहेर निघाली, त्यात त्याला माझं अक्षर दिसलं. त्याच संध्याकाळी तो हिंजवडीला माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहिला. डोळे भरलेले होते, आवाज मात्र नेहमीचाच.

"अकरा नाही रे, तेरा," तो म्हणाला. "एकच गोल तुझा तू मारलास."