मलब्यावरची पाटी

भूकंपात आमचं घर बसलं आणि थोरली बहीण शकू त्यात गेली. आई, अण्णा आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागलो. पत्रा तापला की आई ओलं लुगडं अंगावर घेऊन बसायची. गावाच्या जागी दगडांचे ढीग होते आणि पुढं सरकारी माणसांनी रोवलेली इंग्रजी पाटी. अण्णांना वाचता येत नव्हतं. ते विचारायचे, "काय लिवलंय गं?"

"डेब्री. म्हणजे मलबा."

"उपटून फेकतो एक दिवस," अण्णा म्हणायचे.

बारावीला लातूरच्या एका क्लासमध्ये मला भूकंपग्रस्त म्हणून फुकट जागा मिळाली. तिथं निटूरकर सर इंग्रजीला होते. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक मिटलं. "बाहेर पाहिलेला एकेक इंग्रजी शब्द सांगा." कुणी हॉटेल म्हणालं, कुणी गॅरेज. सर खूश. "दोन्ही फ्रेंचांचे! इंग्रजांनी अर्धा संसार उसना आणलाय. शब्दाला आधी विचारायचं, कुठून आलास बाबा?"

मी म्हणाले, "डेब्री."

सर थांबले. "कुठं पाहिलास गं?"

"आमच्या गावात. गाव होतं तिथं."

सर माझ्या बाकाजवळ आले. "हाही फ्रेंच. मुळात मोडणं, फोडणं. म्हणजे नुसता ढीग नव्हे. आधी काहीतरी उभं होतं, ते मोडलं, असा तो शब्द आहे. काय उभं होतं तुमचं?"

शेडमध्ये हे कुणीच कुणाला विचारत नव्हतं. मी सांगितलं. दगडी भिंत, शकूचा कंगवा ठेवायचा कोनाडा, मग शकू. मागून एक पोरगा म्हणाला, "सर, हे परीक्षेला येतंय का?"

"तुला नसंल येत. हिला येऊन गेलंय."

क्लासचे मालक दारातच उभे होते. "सर, एका शब्दावर अर्धा तास? पालक मार्कांसाठी पाठवतात. शब्दांचं खानदान काढायला इथं कोण येत न्हाई. गाईड शिकवा, न्हाईतर उद्यापासून राहू द्या."

"राहू देतो," सर म्हणाले आणि छत्री उचलून निघाले. दुसऱ्या दिवशी आलेला माणूस फक्त उत्तरं लिहून द्यायचा.

सर नांदेडला आपल्या घरी गेले. मी क्लासमध्येच राहिले. जागा फुकट होती, दुसरीकडं कुठं जाणार? निकाल लागला आणि चौकात माझा फोटो लागला, 'भूकंपग्रस्त कन्येची भरारी'. सरांचं नाव कुठंच नव्हतं. आमचं पडलेलं घर मात्र क्लासच्या जाहिरातीच्या कामी आलं.

बी.ए.ला मी नांदेड गाठलं आणि इंग्रजी घेतलं. संध्याकाळी सरांच्या ओसरीवर बसायचे. खोकत खोकत ते शब्दांची गावं सांगायचे. एकदा म्हणाले, "मालक बरोबर होते गं. बाजार मार्कांचा, आणि मी भलतंच दुकान मांडून बसलो." हसले, पण मला हसू आलं नाही.

शेवटच्या वर्षी सर गेले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या आणि आता डॉक्टर झालेल्या एकाला मी कळवायला फोन केला. तो म्हणाला, "कोण निटूरकर?"

निकाल घेऊन मी गावी गेले, तेव्हा अण्णांना त्या पाटीपाशी नेलं. ती गंजली होती. सरांनी सांगितलेला अर्थ त्यांना सांगितला.

"म्हंजे आपलं घर हुबं व्हतं, ह्ये बी त्यात लिवलंय?"

"हाव, अण्णा."

त्यांनी पाटीवरचा गंज तळहातानं पुसला. "मग ऱ्हाऊ दे तिला."

मी बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन. आमच्या घरातली पहिली.