वर आलेली टोपी

डोंगरावरच्या बागेत तोफ, पाण्याचं टाकं आणि पडका बुरूज बघून झाला की सगळे शेवटी या कड्यावर येतात. पूर्वी इथून गुन्हेगारांचा कडेलोट करायचे. आता कठडा आहे, भाजलेली कणसं मिळतात आणि माणसं दरीकडे पाठ करून फोटो काढून घेतात.

आमच्या गाइडने डोक्यावरची टोपी काढली आणि सरळ दरीत भिरकावली. खालून उसळलेल्या वाऱ्याने ती अलगद वर आणून आमच्या पायाशी टाकली. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग मनात आलं, त्या ढकललेल्या माणसांची पागोटीही अशीच परत येत असतील का? आणि ती कोण उचलत असेल? वाऱ्याला गुन्हा कळत नाही, दया कळत नाही. जे हलकं असेल ते तो वर आणून देतो, एवढंच.

शेजारी एक प्रौढ बाई कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. गाइड हसत म्हणाला, "काकू, तुम्ही टाका की रुमाल! परत येतो, गॅरंटी."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाची टोपी तेवढी आली होती."